जुन्या जुळणीतला पियानो कसा ऐकावा?

नाशिकच्या गंगापूर रोडला राहणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे. त्या बरीच वर्षं ख्याल शिकल्या आहेत, मुलगा पियानो शिकतो. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा: "मुलाच्या पियानोचा गंधार मला कायम चढा लागतो. मध्यंतरी बाखच्या काही रचना जुन्या पद्धतीने जुळवलेल्या पियानोवर ऐकल्या. सुरुवातीला फार गोड वाटल्या, पुढे काही ठिकाणी चक्क बेसूर. हे ऐकायचं कसं? आणि घरचा पियानो असा जुळवून घेता येतो का?"

ताई, तुमचा कान बरोबर आहे. पियानोचा गंधार चढाच असतो, आणि किती चढा हेही मोजलेलं आहे. आज पियानो जुळवताना सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग करतात. सप्तकाचे १२०० सेंट धरायचे, म्हणजे दर दोन शेजारच्या सुरांत १०० सेंटांचं अंतर. (सेंट हे माप एलिस नावाच्या इंग्रज अभ्यासकाने १८८५ च्या सुमारास रूढ केलं.) या हिशेबात शुद्ध गंधार येतो ४०० वर. तुमच्या तानपुऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार उमटतो तो मात्र ३८६ वर असतो. १४ सेंटांचा हा फरक ख्याल शिकलेल्या कानाला न जाणवला तरच नवल. कोमल गंधाराची तऱ्हा उलटी आहे. तो मिळता असतो ३१६ वर आणि पियानोवर येतो ३०० वर, म्हणजे बराच उतरा. पंचम तेवढा सुखरूप असतो. शुद्ध पंचम ७०२, पियानोचा ७००.

घरच्या घरी पडताळून बघा. तुमची पट्टी पांढरी पाच असो की काळी चार (पांढरी एक म्हणजे पियानोचा C; तिथून उजवीकडे पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या वेगवेगळ्या मोजायच्या), तानपुरा आधी पियानोच्या त्याच सुराशी मिळवा. मग खर्जाची तार एकटी छेडा. नाद स्थिरावू द्या, त्यातला दोन सप्तकं वरचा गंधार कानाने पकडा आणि पियानोवर तोच गंधार अगदी हलक्या हाताने दाबा. दोन सूर एकमेकांत मिसळत नाहीत, मध्ये एक भरभर थरथर उभी राहते. ही थरथर म्हणजेच आमच्या कामाचा सगळा आधार. ट्यूनर, म्हणजे पियानो जुळवणारे, तिला बीट्स म्हणतात, मी इथे लहर म्हणतो.

आता हा गंधार चढा ठेवतातच का? षड्ज-पंचम भावाने बारा वेळा वर गेलात की बारा सूर मिळतात आणि तेराव्या ठिकाणी पुन्हा सा यायला हवा. तो येतो, पण साडेतेवीस सेंट चढा. हे जास्तीचे साडेतेवीस सेंट कुठेतरी मुरवावेच लागतात. गायकाला याची चिंता नाही, कारण त्याचा सा मैफल संपेपर्यंत जागचा हलत नाही आणि बाकीचे सूर तो गळ्याने हवे तिथे लावतो. पियानोवाल्याचे सूर मात्र बांधलेले असतात आणि पाश्चात्त्य रचनेत सा मधेच घर बदलतो. पांढरी एकवर सुरू झालेली रचना दोन मिनिटांत पांढरी पाचला जाते, तिथून काळी चारला, आणि परत येते. त्या प्रत्येक घरी गंधार-पंचम लागतातच.

तुमच्या प्रश्नातली खरी मेख इथे आहे. तुम्ही ती रेकॉर्डिंगं एकाच सा वर बसून ऐकलीत. पहिली काही मिनिटं तुमचा सा आणि रचनेचा सा एकच होता आणि जुन्या जुळणीत त्या घरचा गंधार जवळपास तुमच्या तानपुऱ्यासारखा होता. म्हणून ते गोड लागलं. पुढे रचनेने घर बदललं, तुम्ही मात्र जुन्या सा वरच थांबलात. शिवाय नव्या घरचा गंधार खरोखरच जास्त चढा होता. दोन्ही गोष्टी एकदम कानावर आल्यावर 'बेसूर' हाच शब्द सुचणार.

या जुळण्यांचे प्रकार पुष्कळ आहेत. ऐकणाऱ्याला तीन पुरेत.

पहिली मीनटोन. पिएत्रो आरोन या इटालियन पंडिताने १५२३ मध्ये तिचं वर्णन केलं आणि पुढे कितीतरी काळ युरोपातले ऑर्गन आणि हार्प्सिकॉर्ड (पियानोच्या आधीचं तारांचं पट्ट्यांवर वाजवायचं वाद्य) तिच्यात किंवा तिच्या जवळपास जुळवले गेले. हिच्यात पंचम प्रत्येकी साडेपाच सेंट उतरवतात आणि त्या बदल्यात आठ घरांचे गंधार अगदी स्वयंभू, ३८६ वर मिळतात. उरलेली चार घरं, म्हणजे पांढरी सात, काळी तीन, काळी एक आणि काळी चार, वस्तीला निरुपयोगी होतात. तिथला गंधार ४२७ वर जातो. काळी चार ते काळी दोन हा पंचम तर ७३८ पर्यंत ताणला जातो. त्याला युरोपात लांडगा म्हणत, आणि ऐकलात की का ते कळेल.

दुसऱ्या गटात वेर्कमायस्टर (१६९१), व्हालोटी आणि त्यांच्या जवळपासच्या जुळण्या येतात. इथे कुठलंच घर टाकून दिलेलं नसतं. पांढऱ्या पट्ट्या जास्त लागणारी घरं गोड, काळ्या जास्त लागणारी तिखट, आणि मधल्या पायऱ्या हळूहळू चढत जातात. व्हालोटीत पांढरी एकचा गंधार ३९२ वर आहे, काळी तीनचा ४०८ वर. सगळी घरं राहण्याजोगी, पण दोन टोकं सारखी नाहीत.

तिसरी आजची समविभाजित, जिच्यात सगळ्या घरी ४००.

माझं मत स्पष्ट सांगतो. जुन्या जुळणीत शुद्धता शोधायला जाऊ नका. ती हवी असेल तर तुमच्याकडे तानपुरा आहे आणि त्याच्याशी पियानो कधीच बरोबरी करणार नाही. जुन्या जुळणीचं मोल घराघरातल्या फरकात आहे. सगळे गंधार एकाच उंचीचे केल्यावर रचना काळी चारला गेली काय आणि पांढरी पाचला गेली काय, उंची बदलते पण स्वाद बदलत नाही. जुन्या जुळणीत प्रत्येक मुक्कामाचा स्वाद वेगळा असतो आणि त्या काळच्या रचनाकारांना हे माहीत होतं. दरबारीचा कोमल गंधार आणि इतर रागांतला कोमल गंधार एक नव्हे, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. तोच कान इथे लावायचा, फक्त रागाच्या जागी घर आहे असं समजून.

प्रत्यक्ष ऐकायला सुरुवात करा ती बाखच्या १७२२ च्या 'वेल-टेंपर्ड क्लाविअर' या संग्रहापासून. त्यात बारा सुरांपैकी प्रत्येकावर एक मेजर (शुद्ध गंधाराची) आणि एक मायनर (कोमल गंधाराची) अशा चोवीस जोड्या आहेत. जोडीत एक प्रेल्यूड, म्हणजे सुरुवातीची मोकळी रचना, आणि एक फ्यूग, म्हणजे एकच चाल अनेक आवाजांत गुंफलेली रचना. पहिला प्रेल्यूड पांढरी एकचा. सावकाश चालणारे तुटक स्वरसमूह, आणि जवळजवळ शेवटपर्यंत प्रत्येक समूह दोनदा येतो. गंधार ऐकायला याहून सोयीची रचना मला माहीत नाही, कारण बाख तुम्हाला प्रत्येक गोष्ट दोनदा ऐकवतो. पहिल्या वेळी फक्त ऐका, दुसऱ्या वेळी गंधारावर लक्ष ठेवा. व्हालोटीत पहिला समूह शांत बसलेला असतो. पुढे स्वरसमूह गुंतागुंतीचे होतात तसे काही ठिकाणी लहरी वाढतात आणि परत पांढरी एकच्या समूहावर आलं की निवळतात. ही ये-जा समविभाजित पियानोवर असते, पण फिकी.

लगेच त्याच संग्रहातला काळी एकचा मेजर प्रेल्यूड लावा. व्हालोटीत याचा गंधार ४०८ वर, म्हणजे सगळ्यांत तिखट घरांपैकी एक. आणि रचना बघा, झरझर धावते, कुठल्याही गंधारावर टेकत नाही. तिखटपणा टोचत नाही, चमकतो. बाखने हे जाणूनबुजून केलं असं सिद्ध करता येणार नाही. मी इतकी वर्षं ऐकतो आहे आणि मला तसंच वाटतं. पांढरी एकची शांत चाल काळी एकला वाजवून घेतलीत तर ते घर किती अस्वस्थ आहे ते लगेच कळतं.

तिसरं उदाहरण मायनरचं. पांढरी दोनच्या मायनरमध्ये व्हालोटीचा कोमल गंधार ३०६ वर आहे, पांढरी चारच्या मायनरमध्ये २९४ वर. दोन्ही मायनर, पण दुसरा अधिक काळवंडलेला. या दोन घरांचे प्रेल्यूड एकापाठोपाठ ऐका आणि सा बदलला की मनातला तानपुराही बदला. रचना नव्या घरी आली की तिचा पाया, म्हणजे डाव्या हाताचा खालचा सूर, मनात धरायचा आणि गंधार त्याच्याशी ताडायचा. ख्याल शिकलेल्या माणसाला हे सुरुवातीला जड जातं, कारण एका सा वर स्थिर राहण्याचीच तालीम झालेली असते. काही दिवसांत जमतं.

एक सावधगिरी. 'बाखची खरी जुळणी' असा दावा कुठे दिसला तर त्याच्यामागे फार जाऊ नका. बाखने स्वतःची जुळणी आकड्यांत लिहून ठेवलेली नाही. त्याच संग्रहाच्या हस्तलिखिताच्या पहिल्या पानावर वर वळणांची एक नक्षी आहे; तिच्यात जुळणीची खूण आहे असं ब्रॅडली लेहमन यांनी २००५ मध्ये मांडलं आणि त्यावर अजून वाद चालतात. ऐकणाऱ्याचं त्यावाचून काही अडत नाही.

बेथोवेनसाठी एनिड काटान यांचं 'बेथोवेन इन द टेंपरामेंट्स' हे ध्वनिमुद्रण शोधा. आजच्या काळातला पियानो, जुनी जुळणी, आणि त्यात 'मूनलाइट' सोनाटाही आहे. पियानो जुळवणारे एड फूट यांचं काम तिथे वादकाइतकंच ऐकण्यासारखं आहे. ऐकताना आवाज बेताचा ठेवा आणि जमलं तर हेडफोन लावा. मोबाइलच्या स्पीकरवर वरच्या लहरी कर्कश होतात आणि खालचे सूर नाहीसे होतात, मग गंधार ताडायला पायाच उरत नाही.

आता नाशिककरांसाठी अगदी महत्त्वाचं. जुळणी वेगळी असणं आणि पियानो उतरलेला असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची सर्रास गल्लत करतात. पियानोच्या बहुतेक पट्ट्यांना तीन-तीन तारा असतात. एकच पट्टी दाबा. सूर सरळ, न हलता विरत गेला तर तारा आपसात मिळालेल्या आहेत. एकाच सुरात वाँव-वाँव असा हेलकावा आला तर तीन तारा एकमेकींपासून सुटल्या आहेत, आणि त्याला कुठलीही जुनी जुळणी जबाबदार नाही. देवळालीकडच्या जुन्या बंगल्यांत असे पियानो भेटतात. मालक कौतुकाने म्हणतात, याचा आवाज जुन्या काळचा आहे. आवाज जुना नसतो, पियानो अनेक पावसाळे जुळवलेला नसतो.

आपल्या हवेचा हिशेबही ठेवायला हवा. जून-जुलैत हवेतली ओल वाढली की पियानोचा साउंडबोर्ड, म्हणजे नाद वाढवणारी लाकडी फळी, फुगतो, तारा ताणल्या जातात आणि सूर चढतात. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की तो आकसतो आणि सूर उतरतात. सगळे सूर सारखे चढत-उतरत नाहीत; मधल्या सप्तकांची हालचाल खर्जापेक्षा जास्त असते. या येरझारीत दहा-पंधरा सेंट सहज इकडचे तिकडे होतात, आणि व्हालोटीतला सगळ्यांत मोठा बदल आहे आठ सेंटांचा. म्हणजे आषाढात केलेली नाजूक जुळणी मार्गशीर्षात ओळखू येणार नाही.

पियानोला हात लावण्याआधी एक फुकटातला प्रयोग करा. मुलाकडे किंवा त्याच्या वर्गात डिजिटल पियानो असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये टेंपरामेंट नावाचा पर्याय शोधा. यामाहा, रोलँड, कावाई यांच्या बऱ्याच मॉडेलमध्ये तो असतो आणि त्यात मीनटोन, वेर्कमायस्टर, किर्नबर्गर, शुद्ध मेजर असे प्रकार मिळतात. शुद्ध मेजर निवडा, मूळ सूर पांढरी एक ठेवा. सा-ग-प एकदम दाबा. तुम्हाला घरी आल्यासारखं वाटेल. मग रे-म-ध दाबा. रे ते ध हा पंचम ७०२ ऐवजी ६८० वर पडलेला असतो आणि अंगावर येतो. दोन मिनिटांत कळेल की सा पक्का असेल तर ही जुळणी स्वर्ग आहे, आणि सा हलवायचा असेल तर कुचकामाची.

आपल्या भागात या गंधारावर शंभर वर्षांपूर्वीच हातघाई झालेली आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक काढलं, किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातले सूर मोजले, आणि क्लेमेंट्स या इंग्रज न्यायाधीशाबरोबर श्रुति-हार्मोनियमचा पुरस्कार केला. १९१६ च्या बडोद्याच्या परिषदेत त्यावर कडाक्याचा वाद झाला. भातखंडे विरोधात होते. पुढे १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली ती जवळपास तीस वर्षं राहिली, आणि तिच्यामागे मींड न निघणं आणि ही सारखी विभागलेली जुळणी अशी दोन्ही कारणं सांगितली गेली. आज डॉ. विद्याधर ओक यांची बावीस श्रुतींची हार्मोनियम त्याच प्रश्नाला उत्तर देते.

हे सांगितलं कारण किराणा घराण्याचा धागा पियानोपर्यंत पोचतो. अमेरिकन रचनाकार ला माँट यंग यांनी १९६४ मध्ये 'द वेल-ट्यून्ड पियानो' ही रचना सुरू केली आणि पुढे अनेक वर्षं ती वाढवत नेली. १९७० पासून ते किराण्याच्या पंडित प्राणनाथांकडे शिकले. १९८१ चं त्यांचं वादन पाच तासांहून थोडं जास्त चालतं. तुमच्यासारख्या कानाला त्यातली एक गोष्ट थक्क करेल: या जुळणीत स्वयंभू गंधार नाहीच. सगळे सूर पंचमाच्या नात्याने आणि तारेच्या सातव्या स्वयंभू नादाच्या नात्याने बांधलेले आहेत. सातवा नाद म्हणजे ९६९ सेंटांवरचा, पियानोच्या कोमल निषादापेक्षा ३१ सेंट उतरा. काही ठिकाणी तर उजवीकडची पट्टी डावीकडच्या पट्टीपेक्षा खालचा सूर देते. सुरुवातीची काही मिनिटं एकेक सूर विलंबित आलापासारखा येतो. पुढे यंग इतक्या वेगाने वाजवतात की सुटे सूर ऐकू येणं थांबतं आणि पियानोच्या वर एक वेगळाच नाद तरंगत राहतो. तो नाद कुठल्याही पट्टीवर दाबलेला नसतो. मिळालेल्या तारांच्या बेरजेतून उठतो. तंबोऱ्याची जवारी लागलेली ऐकण्याचं सुख ज्याला माहीत आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. एका बैठकीत पाच तास ऐकायची गरज नाही, पण तुकडे तोडून मधूनच लावू नका. सुरुवातीपासून तासभर द्या. टेरी रायली हेही प्राणनाथांचे शिष्य. त्यांचा 'द हार्प ऑफ न्यू आल्बियन' (१९८६) याच वाटेवरचा, ऐकायला जास्त सोपा.

चार्ल्स आइव्ह्ज यांच्या १९२३-२४ च्या पाव सुरांच्या रचना मात्र नंतरसाठी ठेवा. तिथे दोन पियानो एकमेकांपासून ५० सेंटांवर जुळवतात. तो शुद्ध गंधाराचा शोध नाही, वेगळाच प्रांत आहे.

आता घरचा पियानो. होय, जुळवून घेता येतो, आणि व्हालोटीच घ्या. मीनटोन घेऊ नका: मुलाच्या अभ्यासात काळ्या पट्ट्यांच्या घरांच्या रचना येणारच आणि तिथे तो रडकुंडीला येईल. हार्मोनियमचे सूर घासून मिळवतात, त्यात दर वेळी थोडं धातू जातं. पियानोत फक्त खुंटी फिरते, नको वाटलं तर पुढच्या वेळी परत आधीसारखं होतं. तारांवर साऱ्या मिळून पंधरा-वीस टनांचा ताण असतो खरा, पण आठ सेंटांनी त्यात काही बिघडत नाही.

काम कसं चालतं ते शेजारी उभं राहून बघा. मधल्या सप्तकात तारांमध्ये फेल्टची पट्टी खोचतात, म्हणजे प्रत्येक सुराची एकच तार बोलते. मग पांढरी चार आणि तिच्या वरची पांढरी सहा एकदम. समविभाजित जुळणीत मधल्या पांढरी एकच्या खालच्या भागात ही जोडी सेकंदाला साधारण सात लहरी देते. पान्याला केसभर नेट दिला, पांढरी चार किंचित वर आली, की लहरी मंदावत जातात: सहा, पाच, चार. व्हालोटीत तीनवर थांबायचं. शेजारची काळी तीन-काळी पाच ही जोडी उलट सातावरून साडेअकरापर्यंत जाते. मुलालाही उभं करा. गंधार म्हणजे काय हे त्याला वर्गात कुणी असं दाखवणार नाही.

दोन अटी. घरी पियानोबरोबर हार्मोनियम किंवा कीबोर्ड वाजत असेल, किंवा मुलगा रेकॉर्ड केलेल्या साथीवर सराव करत असेल, तर समविभाजितच ठेवा. दोन वाद्यांचे सूर एकमेकांना खातील. आणि काम दिवाळीनंतर दोन-तीन आठवड्यांनी, हवा स्थिरावल्यावर करून घ्या. ट्यूनर नवखा असेल तर त्याला हे आकडे लिहून द्या, पांढरी सहा ४४० हर्ट्झवर ठेवून नेहमीच्या जुळणीपेक्षा किती सेंट वर किंवा खाली: पांढरी एक ६ वर, काळी एक तशीच, पांढरी दोन २ वर, काळी दोन ४ वर, पांढरी तीन २ खाली, पांढरी चार ८ वर, काळी तीन २ खाली, पांढरी पाच ४ वर, काळी चार २ वर, काळी पाच ६ वर, पांढरी सात ४ खाली. ट्यूनिंगच्या बहुतेक ॲपमध्ये व्हालोटी तयारच असते, पण ते नसलं तरी एवढ्यावर काम होतं.